जुनी अल्टो घेतलीय? आधी काय बघायचं आणि कशाला किती पैसे लागतात

मागच्या काही महिन्यात ओळखीतल्या तिघांनी सेकंडहँड अल्टो घेतली आणि तिघांनीही फोन मलाच केला, कारण माझ्याकडे २०११ ची अल्टो आहे आणि ती अजून चालते, बाकी आपलं काही क्वालिफिकेशन नाही. मी मेकॅनिक नाही. पण सात वर्षं एकच जुनी गाडी सांभाळताना गॅरेजच्या स्टुलावर बसून जेवढं कळलं तेवढं इथं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे चौथ्याला लिंक पाठवता येईल.

खर्चाचे आकडे पुणे-सातारा पट्ट्यातल्या साध्या गॅरेजचे आहेत, मजुरीसकट आणि अंदाजे. मुंबईत थोडे जास्त धरा, तालुक्याला थोडे कमी, आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलात तर दीडपट ते दुप्पट.

सगळ्यात आधी: आपल्याकडे नक्की कुठली अल्टो आहे

हा प्रश्न येडपट वाटेल पण अल्टो नावाच्या गाड्या बऱ्याच आहेत. २००० साली आलेली जुनी अल्टो, २०१० ची अल्टो के१०, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात आलेली अल्टो ८००. जुनी अल्टो आणि ८०० ह्या दोन्हीत ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन आहे, आणि त्याला टायमिंग बेल्ट असतो, रबरी पट्टा, जो ठराविक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. के१० ला ९९८ सीसीचं इंजिन आणि टायमिंग चेन, तिला बेल्टचं टेन्शन नाही. आता गंमत अशी की गाडी विकणाऱ्याला बऱ्याचदा हे माहीतच नसतं, तो म्हणतो "सगळं काम केलंय". बिल दाखवा म्हणलं की विषय संपतो. बेल्टचं बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चालायचं.

पहिली पायरी: रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, अर्धा तास

रात्री गाडी लावताना इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावरचे डाग बघा. काळा-तपकिरी चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल, हिरवट किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर ब्रेक ऑइल, आणि हे शेवटचं दिसलं तर गाडी हलवूच नका, मिस्त्रीला घरी बोलवा. एसी लावून आला असाल तर नुसतं स्वच्छ पाणी पडतं, ते नॉर्मल आहे, माझ्या एका मित्राने त्यासाठी सुट्टी काढली होती.

मग बॉनेट उघडा. ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घाला, परत काढा, दोन खुणांच्या मध्ये ऑइल पाहिजे. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडायचं, हे परत परत सांगतो कारण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत पाणी काठोकाठ पाहिजे आणि रंगीत पाहिजे. गंजासारखं लालसर असेल तर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ कॉफीसारखा थर असेल तर लक्ष द्या, पावसाळ्यात गाडी फक्त भाजी आणायला जात असेल तर थोडासा येतो, पण पट्टीवरचं ऑइलसुद्धा तसंच दुधाळ दिसत असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय.

दुसरी पायरी: कूलिंग. सगळा पैसा इथं वाचतो

माझी गोष्ट सांगतो. गाडी घेऊन सहा-सात महिने झाले होते, मे महिना, आई-बाबा मागे, पुण्याहून साताऱ्याला निघालो. जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावाच लागायचा, बोगदा फक्त पुण्याकडे येणाऱ्यांना. अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. बाबा म्हणाले, "अरे काटा बघ की." मी म्हणलं हो बघतोय, वर गेल्यावर कुठंतरी सावलीत थांबू, इथं कडेला कुठं लावणार. तेवढ्या दोन-अडीच किलोमीटरने माझं दिवाळं काढलं. खालचा रेडिएटर पाईप जुना होऊन चिरला होता, सगळं पाणी वाटेत गळलं होतं. पाईपची किंमत २८० रुपये. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, ते गेलं, हेड वाकलं, ते लेथवर नेऊन फेसिंग मारून, म्हणजे परत सपाट करून आणलं, ऑइल, कूलंट, मजुरी, टोइंग सगळं धरून ११ हजाराच्या वर गेलं. चूक गाडीची नव्हती, माझीच, गाडी घेतल्यापासून एकदाही पाईप दाबून बघितला नव्हता.

तर करायचं काय. इंजिन गार असताना वरचा आणि खालचा पाईप हाताने दाबून बघा. कडक, तडे गेलेला किंवा लिबलिबीत असेल तर बदला, दोन्ही मिळून ५०० ते ९०० मध्ये होतात. रेडिएटरचं झाकण १५०-२५० ला येतं, त्याची स्प्रिंग ढिली झाली की पाणी उकळून बाहेर फेकलं जातं आणि लोक उगाच रेडिएटर बदलून बसतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, ६०० ते १०००. काही मिस्त्री "काढून टाकतो, गाडी गारच राहील" असं सांगतात, काढू देऊ नका, मग इंजिन नीट तापतच नाही आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. पंखा चालू होतो का ते बघायचं तर गाडी उभी करून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, काटा मध्यावर आल्यावर पंखा घोंगावला पाहिजे. नाही घोंगावला तर आधी फ्यूज, मग रिले, मग सेन्सर, आणि शेवटी पंख्याची मोटर, ती २ ते ३ हजार. नवीन रेडिएटर ३ ते ४ हजार. वॉटर पंप गळत असेल तर पंपाच्या खाली ओली रेघ दिसते, २ ते ३ हजार धरा.

आणि काटा वर गेला की थांबायचं. कडेला जागा नसली तरी. एसी बंद, गाडी बंद, बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास शांत बसायचं, गरम रेडिएटरवर बिसलेरी ओतायची नाही.

तिसरी पायरी: ऑइल आणि बेल्ट

सेकंडहँड गाडी आणली की आधीचा मालक काय सांगतो ते बाजूला ठेवून ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, तिन्ही प्लग एकदम बदलून टाका. ह्या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आतबाहेरच बसतं, म्हणून सगळं मिळून अडीच ते साडेतीन हजारात होतं. त्या दिवसाचं किलोमीटर रीडिंग लिहून ठेवा, पुढचा हिशोब तिथून.

७९६ सीसीवाल्यांनी ह्याच फेरीत टायमिंग बेल्ट करून घ्या. साधारण ८० हजार ते १ लाखाच्या आसपास बदलतात पण गाडी १२ वर्षं जुनी आणि ४० हजारच चाललेली असेल तरी बदला, रबर वयाने पण मरतं. बेल्ट, टेन्शनर बेरिंग आणि मजुरी मिळून २ ते ३ हजार. तुटला तर गाडी आहे तिथे बंद, धक्का मारून चालू व्हायचा प्रश्नच नाही, टोइंगवालाच बोलवायचा. त्याच वेळी समोर ऑइल सील गळतंय का ते पण मिस्त्रीला बघायला सांगा, उघडलेलं असतानाच सील टाकलं तर फक्त सीलचे पैसे, नंतर परत उघडायची मजुरी डबल.

बाहेरचा फॅनबेल्ट वेगळा, सकाळी स्टार्ट केल्यावर चीं चीं करतो तो. आधी ताणून बघतात, नाहीतर ३००-६०० मध्ये नवीन.

चौथी पायरी: ब्रेक आणि टायर

इथं घासाघीस नको. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड १००० ते १५००, मागचे शू म्हणजे लायनर १००० ते १४००. ब्रेक मारताना खर्र असा लोखंडाचा आवाज आला तर पॅड संपून डिस्क घासतीय, मग डिस्कचे वेगळे अडीच-तीन हजार. ब्रेक पेडल हळूहळू खाली बसत असेल, दोन-तीनदा पंप मारल्यावर लागत असेल, तर मास्टर सिलेंडर किंवा मागच्या चाकातला व्हील सिलेंडर गळतोय. मागचा सिलेंडर ५०० ते ९००, मास्टर दीड ते अडीच हजार. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, बहुतेक जुन्या गाड्यांत ते काळं कुळकुळीत झालेलं असतं कारण कुणी बघतच नाही.

हँडब्रेक चढावर धरतो का बघा. नाही धरला तर बऱ्याचदा नुसती केबल अ‍ॅडजस्ट करून भागतं.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात, समजा २३१८, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर, कडेला बारीक तडे गेलेला, हायवेला नेऊ नका. जुन्या अल्टोला १४५/८० आर १२ बसतो, एक टायर साधारण ३ हजार ते ३५००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग वेगळं ५०० ते ८००. चार एकदम जमत नसतील तर दोन घ्या. टायरवाले नवीन दोन मागे टाकायला सांगतात ते बरोबर आहे, ओल्या रस्त्यावर मागचं टोक फिरलं तर नवख्याला सावरत नाही.

पाचवी पायरी: क्लच आणि खालचे आवाज

क्लचची घरगुती टेस्ट. मोकळी जागा, हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. गाडी धडपडून बंद पडली तर क्लच ठीक. बंद न पडता इंजिन आरामात फिरत राहिलं तर प्लेट गेली. एकदाच करा, मजा म्हणून दहा वेळा केलीत तर चांगली प्लेट पण जाईल. रस्त्यावरची खूण म्हणजे घाटात अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, आणि जळका वास येतो. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग असा पूर्ण सेट घाला, ५ ते ७ हजार मजुरीसकट. नुसती प्लेट टाकून दीड हजार वाचवले तर सहा महिन्यात बेरिंग ओरडायला लागतं आणि गिअरबॉक्स परत खाली उतरवायचा. पण पेडल फक्त जड झालं असेल तर आधी क्लच केबल बदलून बघा, ५०० ते ८०० चं काम आहे, माझ्या मित्राकडून ह्याच गोष्टीसाठी पूर्ण क्लचचे पैसे घेतले होते एका गॅरेजने.

आवाजांचं असं आहे की ते कधी येतात त्यावरून निम्मं कळतं. खड्ड्यात टक टक, म्हणजे लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट, एका बाजूला १२०० ते २०००. स्टीअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना कट-कट-कट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट, २ ते ३ हजार. ह्यात खरी गोम अशी की जॉइंटवरचं रबरी बूट आधी फाटतं, ग्रीस उडतं, चाकाच्या आत काळा चिकटा दिसतो, तेव्हाच बूट बदललं तर ७००-९०० मध्ये सुटका. वेगाबरोबर वाढत जाणारा घूंऽऽ आवाज म्हणजे व्हील बेरिंग, १२०० ते १८००. गाडी उभी असताना सगळी बॉडी थरथरते आणि क्लच सोडल्यावर धप्प होतं, तर इंजिनचं माउंटिंग, मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात, एक ६०० ते १२००. तीन सिलेंडरचं इंजिन आहे, थोडी थरथर त्याच्या रक्तातच आहे, ती शून्य करायला जाऊ नका. शॉकअप पुढचे दोन ४ ते साडेपाच हजार, मागचे दोन अडीच ते साडेतीन. गाडीचा कोपरा दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबली तर बरंय, होडीसारखी डुलत राहिली तर गेले.

सकाळी स्टार्ट होत नाही

चावी फिरवल्यावर नुसतं टिक टिक टिक, लाईट मंद, म्हणजे बॅटरी. लाईट फुल पण एकच टक आणि शांतता, म्हणजे सेल्फ, इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. सेल्फ फिरतो मस्त पण गाडी घेत नाही, म्हणजे पेट्रोल किंवा करंट येत नाही. एवढं फोनवर सांगितलं तरी मिस्त्री बरोबर सामान घेऊन येतो.

बॅटरी बदलायच्या आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करून बघा, फुकटात काम होतं कधी कधी. तीनशे रुपयाचा मल्टीमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ च्या आसपास पाहिजे, आणि चालू गाडीत १३.८ ते १४.४. चालू असताना पण १२ च दाखवत असेल तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा, नवीन बॅटरी घेतली तरी ती पण उतरणार. बॅटरी जुनी देऊन साडेतीन ते साडेचार हजार. अल्टरनेटर आणि सेल्फ दोन्ही रिपेअर होतात, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, ८०० ते २०००, नवीनच टाका म्हणणाऱ्याकडे नको.

गाडी स्लोला भुरभुरते, सिग्नलला बंद पडते, तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेत, कार्बन साचलेला असतो, क्लीनिंग ५०० ते ८००. त्याने नाही गेलं तर प्लग, कॉइल, मग टाकीतला पेट्रोल पंप, ३ ते ४ हजार. साधारण २०१३ नंतरच्या गाडीला स्कॅनर लावून एरर कोड वाचता येतो, ३००-५०० देऊन आधी स्कॅन करा, अंदाजाने सेन्सर बदलत बसणं म्हणजे विहिरीत पैसे टाकणं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यापर्यंत इथेनॉल येतं आणि ह्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मी एवढंच करतो की सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाईप बघायला सांगतो, आणि गाडी महिना-महिना अर्ध्या टाकीवर उभी ठेवत नाही.

एसी आणि धूर

एसीबद्दल थोडक्यात. गॅस १२०० ते १८००. पण गॅस दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठंतरी लीक आहे, ते शोधल्याशिवाय भरू नका. कंडेन्सर ४ ते ५ हजार, कूलिंग कॉइल ५ ते ७ कारण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, कॉम्प्रेसर १० हजाराच्या पुढे. लाखभराच्या गाडीत कॉम्प्रेसर टाकायचा का खिडक्या उघड्या ठेवायच्या, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आमच्याकडे टाकला, आईसाठी.

धुराचं नीट लक्षात ठेवा. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ आणि पाण्याचे थेंब, काही नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, एअर फिल्टर-सेन्सर बघा. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅसकेट. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला निळा येत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, ४ ते ६ हजार, सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन काम, २५ ते ४० हजार. पण थोडंफार ऑइल खाणारी गाडी लगेच उघडायची गरज नाही, हजार किलोमीटरला दोनशे-अडीचशे मिली जात असेल तर वरून भरत चला आणि पट्टी दर रविवारी बघा. मी असंच दोन वर्षं चालवली.

गंज

कोकणातली गाडी घेणार असाल तर इंजिनच्या आधी खालचा पत्रा बघा. इंजिन काम होतं, सडलेला पत्रा होत नाही, म्हणजे होतो पण पॅच मारून. मॅट उचला, फ्लोअर ठोकून बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलंय का, दरवाज्यांच्या खालच्या कडा. सस्पेन्शन जिथं बॉडीला बसतं तिथं भोक पडलं असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

मिस्त्रीशी कसं वागायचं

"काय झालंय बघा" असं म्हणून चावी देऊन ऑफिसला जाऊ नका. काय होतं, कधी होतं, गार असताना का गरम झाल्यावर, ते सांगा. पार्ट कुठल्या कंपनीचा टाकणार आणि किती लागणार ते आधी विचारा आणि जुना काढलेला पार्ट परत मागा, न ओरडता, न संशय घेता, "दादा जुना पार्ट डिकीत टाका" एवढंच. पार्ट स्वतः आणायचे तर पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पण मिस्त्रीला आधी विचारून, कारण पार्ट तुमचा असला की गॅरंटी त्याची राहत नाही आणि ते बरोबरच आहे. बंपर, आरसा, दरवाजा, काच जुन्या बाजारातून बिनधास्त घ्या. ब्रेकचं, स्टीअरिंगचं आणि रबराचं काहीही जुनं घ्यायचं नाही.

मला एकाने विचारलं, हातात फक्त पंधरा हजार आहेत, आधी काय करू. ऑइल-फिल्टर-प्लग ३, बेल्ट ३, पाईप-झाकण-कूलंट दीड-दोन, ब्रेकचं जे काय निघेल ते ३, आणि उरलेले चार-साडेचार टायरला, दोन टायर घ्यायला त्यात थोडी भर घालावी लागेल, जे दोन वाईट असतील ते काढा. टेप, सीटकव्हर आणि डेंटिंग-पेंटिंग पुढच्या वर्षी.

कागद

हे पण गाडीच्या खर्चातच धरा. खाजगी गाडीची आरसी १५ वर्षं चालते, मग आरटीओत गाडी दाखवून ५-५ वर्षांसाठी रिन्यू करावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून त्याची फी कारला ६०० वरून ५००० झाली, २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला ती त्याहून जास्त आहे, वर पर्यावरण कर वेगळा. २०१९ च्या एप्रिलच्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का बघा. सीएनजी किट असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी, दर ३ वर्षांनी, आणि किट आरसीवर चढवलेलं असलं पाहिजे, नसेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या.

माझ्या गाडीच्या आरसीची पंधरा वर्षं २०२६ लाच भरतात. त्यासाठी हेडलाईटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून घेतल्या, ६०० रुपये, हॉर्न बदलला, मागचे लायनर टाकले. डाव्या मागच्या दरवाज्याची काच वर जात नाही, ती बाबा म्हणतात असू दे.